पासवर्डची फाइल गिटमधी ठेवलीय, यात येडेपणा काय हाय?

लातूरकर७: मी लातूरात टॅलीचे हिशोब करतो, दुकानात विंडोजचा पीसी अन घरी औशाला लिनक्सवाला लॅपटॉप. कीपासएक्ससी म्हंजे पासवर्ड सांभाळायचं सॉफ्टवेअर, त्याची फाइल प्रायव्हेट गिट रेपोत (दर जुनी प्रत जपणाऱ्या साठ्यात) टाकलीय, शटर ओढायच्या आधी कमिट-पुश (प्रत नोंदवून सर्व्हरवर चढवायची), घरी गेलं की पुल (उतरवायची). आठ म्हैने झाले, एक पासवर्ड हरवला नाही. म्हैन्याला कुणाला पैसे द्यायचे नाहीत, चुकून नोंद उडाली तर कालची फाइल काढता येते. तरी दोस्त म्हणायलेत येडा झालास काय. काहून? फाइल एनक्रिप्टेडच हाय नं!

गोदाकाठ: दोस्ताचं बरोबर आहे. गिट २००५ ला टोरवाल्ड्सनं लिनक्स कर्नलच्या कोडसाठी केलं, कोड म्हंजे ओळी, अन तुझ्या फाइलीत ओळीच नाहीत. दर सेव्हला एनक्रिप्शनसाठी नवा रँडम सीड (आपोआप निवडलेला आकडा) पडतो, एक अक्षर बदललं तरी अख्खी फाइल वेगळी दिसते, म्हणून डिफ, म्हंजे काय बदललं ते बघणं, शून्य अन रेपो उगीच फुगत जातो. उद्या दुकानात लाईट गेली, पुश राहिलं, घरी तू दुसरीच नोंद टाकली, मग? गिट म्हणणार दोन्हीतली एक फाइल घे. दुसरी गेली गोदावरीत.

लातूरकर७: आलती की ती वेळ पावसाळ्यात. दोन्ही फाइली ठेवल्या अन कीपासएक्ससीतच मर्ज केल्या, ते नोंदीनोंदीनं जुळवतं, नंतर बदललेली नोंद वर ठेवतं अन जुनी तिच्या हिस्टरीत. गिटचं काम फक्त ने-आण.

पांडू_परभणी: बनी तो बनी, नहीं तो परभणी 😄 नुसती ने-आणच करायची तर सिंकथिंग लाव नं भौ, ते दोन मशीनवरच्या फाइली आपोआप सारख्या ठेवतं, भांडण झालं तर ते पण दुसरी प्रत बाजूला काढून ठेवतं. पुश विसरायचा प्रश्नच नाही.

लातूरकर७: त्याला दोन्ही मशीन एकाच टायमाला चालू लागतात. मी दुकानातला पीसी बंद करूनच निघतो.

बालाघाट: मर्जचं सोडा दादा, मला भ्याव वेगळंच वाटतं. मास्टर पासवर्ड (अख्खी फाइल उघडायचा) बदललात तरी रेपोतल्या जुन्या कमिटा जुन्याच मास्टरनं उघडतात. तो कुणाला कळला अन रेपोची एक प्रत त्याच्याकडं असली तर बदलून उपयोग काय? साध्या फाइलीत जुनी प्रत पुसता तरी येते, गिट तर ती जपण्यासाठीच आहे. ज्याला तुम्ही फायदा म्हणायलात तेच दुखणं आहे. तुमचा मास्टर केवढा आहे?

लातूरकर७: सात शब्दांचा, फाशे टाकून काढलेला. वर की फाइलबी हाय, मास्टरसोबत तीबी दिल्याशिवाय उघडत नाही.

गोदाकाठ: मग ठीक आहे, इतका लांब मास्टर असल्यावर मी तरी भ्यायलो नसतो. पण पास नावाचं सॉफ्टवेअर का वापरत नाहीस? दर पासवर्डाची वेगळी जीपीजीनं एनक्रिप्ट केलेली फाइल अन गिट आतच.

बालाघाट: त्यात फाइलींची नावं उघडी राहतात. कोणत्या बँकेत खातं आहे ते नुसत्या यादीवरून कळतं.

पांडू_परभणी: थांबा थांबा. ती की फाइल कुठं ठेवली?

लातूरकर७: ...त्याच रेपोत. काढायलो आत्ताच.

बालाघाट: काढून काय होतंय, मागच्या कमिटात आहेच की ती. नवी की फाइल करा, पेनड्राइव्हवर ठेवा, अन रेपो पण नवाच काढा.

लातूरकर७: अन जुना?

बालाघाट: दोन्ही मशीनवरून उडवा, सर्व्हरवरून पण. बँकेचे पासवर्ड आज रात्रीच बदला, बाकीचे सवडीनं.