गावरान शेळ्यांना मांसासाठी कोणता बोकड लावावा? (पारोळा, २८ शेळ्या)

बोरीकाठ
राम राम मंडळी. पारोळा तालुक्यात २८ गावरान शेळ्या आहेत. दिवसा चराई, संध्याकाळी तुरीचं कुटार आणि मूठभर मका. वजनं २२ ते ३४ किलो. दहा-बारा शेळ्यांना जुळी होतात, बाकीच्यांना एकेक. बोकड घरचाच आहे, तीन वर्षांचा. करडं सहा महिन्यांत ११-१२ किलोच्या वर जात नाहीत. बोकडं विकायची आणि चांगल्या पाठी (मादी करडं) ठेवायच्या असा विचार आहे. उस्मानाबादी, सिरोही की बोअर? उस्मानाबादी लावला की सगळ्यांना जुळी होतात म्हणतात, ते खरं का?

सातपुडा पायथा
भाऊ, जात नंतर ठरवा, आधी घरचा बोकड काढा. तीन वर्षांत त्याच्याच पाठी माजावर आल्या असणार आणि तोच त्यांना लागत असणार. बाप-लेकीच्या संकरातली करडं हलकी निघतात, मरतुकही वाढते. वाढ खुंटण्याचं निम्मं कारण इथेच असू शकतं. पैदाशीचा बोकड दीड-दोन वर्षांनी बदलायलाच हवा.

जुळ्यांचं म्हणाल तर बोकडामुळे जुळी होत नाहीत. शेळीने त्या माजाला किती बीजं सोडली यावर ते ठरतं. जुळ्याच्या वळणाचा बोकड लावला तर त्याचा गुण त्याच्या लेकींत उतरतो, म्हणजे तुम्ही ठेवलेल्या पाठी विऊ लागल्या की दिसेल. म्हणून कळपाचे दोन भाग करा. ज्यांच्या पाठी ठेवायच्या त्या शेळ्यांना उस्मानाबादी, पण त्याची आई सलग दोन वेतांना जुळी व्यालेली आणि दोन्ही करडं दुधावर पोसणारी हवी. ज्यांची सगळी करडं विकायची, त्यांना अंगाने मोठा बोकड.

मोठ्यात तुमच्या चराईला सिरोही बसतो. राजस्थानी जात, उन्हाला आणि चालायला कणखर. बोअर दक्षिण आफ्रिकेची, फलटणच्या निंबकर संस्थेने आपल्याकडे आणली. मांस भरपूर, पण खुराक आणि सावली असेल तरच. खानदेशात मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर असताना शुद्ध बोअर बोकड माळावर फिरवला तर माजावरच्या शेळीकडे तो बघणारही नाही.

गोठा धुळे
वरच्या उत्तरात एक धोका राहिला. शुद्ध बोअरचं करडू जन्मतः ३ ते ४ किलोचं असतं, गावरान शेळीचं साधारण दीड-दोन किलोचं. संकरित करडू या दोन्हींच्या मधलं. २२-२४ किलोच्या पहिलारू शेळीला बोअर लावला आणि पोटात एकच करडू असलं की ते विताना अडतं. बोअर लावायचाच तर ३० किलोच्या वरच्या, एकदा तरी व्यालेल्या शेळ्यांना.

आणि संकरित बोकड पैदाशीला ठेवू नका. पहिल्या पिढीत जोम दिसतो म्हणून लोक त्यातलाच देखणा बोकड राखतात. पुढच्या पिढीत एक करडू थोराड, दुसरं बारकं, कळप एकसारखा राहत नाही.

बोकड घेताना जातीच्या नावाआधी जनावर बघा. दात दोन तरी बदललेले हवेत. वरच्या हिरडीला खालचे दात नीट टेकायला हवेत, जबडा पुढे-मागे असेल तर चरताना मार खातो आणि तो दोष करडांत उतरतो. दोन्ही अंडकोष सारखे, घट्ट, पण हाताला गाठ लागता कामा नये. ४० किलोच्या पुढच्या बोकडाचा अंडकोषाचा घेर टेपने २५ सेंटिमीटरच्या खाली भरला तर सोडून द्या. ब्रुसेलाची (गर्भपात घडवणारा संसर्गजन्य रोग) रक्त तपासणी करून घ्या आणि आणल्यावर २१ दिवस कळपापासून लांब बांधा. पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांचा विषाणूजन्य साथरोग) लस झाली की नाही ते विचारा.

जन्मतः भुंडा (बिनशिंगी) बोकड भुंड्या शेळ्यांना तर अजिबात लावू नका. भुंडेपणाचं वाण दोन्हीकडून आलं की त्या पाठी नर-मादी मिसळ निघतात, कधीच गाभण राहत नाहीत. एका बाजूला शिंगं असली की हा प्रश्न येत नाही.

कापूसपट्टा
खुराकाचं कोणी लिहिलं नाही. आपल्याकडे सरकी आणि सरकी पेंड घरोघरी, ती बोकडाला घालू नका. तिच्यातलं गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य वीर्य खराब करतं. बोकड तब्येतीने चकचकीत दिसतो आणि शेळ्या उलटत राहतात, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येतात. दाणाही बेताने. फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी झालं की नराला मुतखडा होतो, थेंबथेंब मुततो, पाठ वाकवून कण्हतो, तेव्हा दुपारची वाट न बघता डॉक्टर बोलवा. लागवडीच्या (शेळ्यांना बोकड लावायच्या) दिवसांत मका भरडा आणि शेंगदाणा पेंड मिळून ३०० ते ४०० ग्रॅम, मेथी घास किंवा शेवरीचा पाला, खनिज मिश्रण आणि भरपूर स्वच्छ पाणी पुरेसं आहे.

बोरीकाठ
३० किलोच्या वरच्या नऊच शेळ्या आहेत. बोअर सोडतो. एक उस्मानाबादी, एक सिरोही असे दोन ठेवले तर चालेल? कोणती शेळी कोणाची ते कसं कळणार?

सातपुडा पायथा
२८ शेळ्यांना वयात आलेला एक बोकडही पुरतो, पण दोन गट करायचे तर दोन ठेवा. दोन्ही कधीच एकत्र मोकळे सोडू नका. जुळीवाल्या दहा-बारा शेळ्यांना उस्मानाबादी, उरलेल्यांत मोठ्या अंगाच्यांना सिरोही. ज्या २५ किलोच्या आत आहेत त्यांनाही या खेपेला उस्मानाबादीच.

लागवडीच्या महिनाभर आधीपासून बोकड नजरेआड बांधा आणि मग एकदम सोडा, त्या वासाने आठ-दहा दिवसांत बऱ्याच शेळ्या माजावर येतात. त्याआधी दोन-तीन आठवडे शेळ्यांना रोज २०० ग्रॅम मका भरडा सुरू करा, जुळ्यांचं प्रमाण यानेच वाढतं. माज साधारण दीड दिवस टिकतो. हाताने दाखवायचा असेल तर माज दिसल्यापासून १२ तासांनी एकदा आणि पुढच्या १२ तासांनी पुन्हा.

ओळखायला गेरू गोडेतेलात कालवून रोज सकाळी बोकडाच्या छातीला फासा. लागलेल्या शेळीच्या पाठीवर तांबडा डाग उमटतो, नंबर आणि तारीख वहीत लिहा. तिथून १४५ ते १५० दिवस मोजा. अठराव्या दिवशी गेरू बंद करून नीळ लावा. ज्यांच्या पाठीवर तांबड्यावर निळा डाग आला त्या उलटल्या. दोन-चार असतील तर शेळ्यांचं बघा, निम्म्याच्या वर असतील तर बोकडाचं वीर्य तपासून घ्या.