मदत हवी आहे: कॉलेज बदलू की एक सेमिस्टर थांबू?

नमस्कार मंडळी. मी पुण्यात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, घर कोल्हापुरात. बाबांना अर्धांगवायूचा झटका आला, आई एकटीच सगळं ओढतेय. फिजिओथेरपीला नेताना त्यांना जिन्यावरून काखेत धरून उतरवावं लागतं, आईला ते झेपत नाही.

माझा कल शिवाजी विद्यापीठाच्या एखाद्या कॉलेजात येण्याकडे आहे. सहा महिन्यांत बाबा पूर्ण सावरतील असं वाटत नाही. पण विद्यापीठ बदललं की टीसी (कॉलेज सोडल्याचा दाखला), मायग्रेशन (विद्यापीठ सोडल्याचं प्रमाणपत्र), एलिजिबिलिटी (नव्या विद्यापीठाची पात्रता-मंजुरी) आलीच. क्रेडिट्स एबीसीत (क्रेडिट्स साठवणाऱ्या ऑनलाइन बँकेत) जमा आहेत, तरी विषय जुळले नाहीत तर किती धरतात? थांबले तर महाडीबीटीची (राज्य सरकारच्या पोर्टलवरची) शिष्यवृत्ती पुढे मिळते का?

मधल्या वर्षात कुणी कॉलेज बदललं असेल तर कृपया सांगा: पुण्यातला दाखला आत्ताच काढू, की कोल्हापुरातली जागा पक्की झाल्यावर?