मदत हवी आहे: नव्या काउंटी जेलसाठी सेल्स टॅक्स वाढवायचा की नाही?

नमस्कार मंडळी,

गेल्या वर्षी नागरिकत्वाची शपथ घेतली, त्यामुळे मतदानाच्या बाबतीत मी अजून नवखीच. राहायला बेलिंगहॅमला, म्हणजे व्हॉटकम काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी), वॉशिंग्टन राज्य. सिअ‍ॅटलच्या वर, कॅनडाची हद्द गाडीने अर्ध्या तासावर. इथे मतदान टपालाने. बॅलट येऊन चार दिवस झाले, जेवणाच्या टेबलावर मेतकुटाच्या बरणीला टेकून उभं आहे. बाकीच्या खुणा करून झाल्या, एका प्रश्नापाशी पेन अडलंय: नवं जेल आणि त्याच्या जोडीच्या सोयींसाठी सेल्स टॅक्स 0.2 टक्क्याने वाढवायचा का? शंभर डॉलरच्या खरेदीला वीस सेंट. मुदत 7 नोव्हेंबर 2023.

तुरुंग बांधू का, असं मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. भारतात ते सरकार परस्पर ठरवतं.

आतापर्यंत कळलेलं असं. काउंटी जेल म्हणजे शिक्षा झालेल्या मोठ्या गुन्हेगारांचा तुरुंग नव्हे, तो राज्याचा वेगळा. इथे असतात ते मुख्यतः खटला उभा राहायची वाट बघणारे, आणि थोडे वर्षाच्या आतली शिक्षा भोगणारे. कारभार शेरीफकडे, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाकडे. आमचं जेल कोर्टाला लागूनच, 1980च्या दशकातलं, आणि ते पार जुनाट झालंय यावर दोन्ही बाजूंचं एकमत दिसतं. गर्दी झाली की किरकोळ गुन्ह्यात पकडलेल्याला आत घेतच नाहीत, पोलीस कागद हातात देऊन सोडतात. हाच टॅक्स लोकांनी 2015 मध्ये नाकारला, 2017 मध्ये पुन्हा नाकारला. या वेळी जेलबरोबर मानसिक आजार आणि व्यसन यांवरच्या उपचारांचंही आश्वासन आहे.

मागे ज्युरी ड्यूटीला गेले होते तेव्हा चुकून दुसऱ्याच कोर्टरूममध्ये जाऊन बसले. एका पोराला आणलं, असेल बावीस-तेवीसचा. हात कमरेच्या साखळीला बांधलेले. चष्मा नाकावरून घसरत होता आणि तो खांद्याने वर ढकलायला बघत होता. तीन मिनिटांत त्याचं काम आटोपलं, तारीख पडली, परत नेलं. बॅलट हातात घेतलं की मला तो चष्मा आठवतो, आणि त्यावरून हो म्हणायचं की नाही, तेच कळत नाही.

नवरा म्हणतो, "वीस सेंटसाठी एवढा विचार? हो कर आणि टाक पेटीत." लेक अकरावीत आहे, ती म्हणते, "आई, खाटा वाढवल्या की त्या भरतात." दोघांचंही पटतं, हीच पंचाईत.

तर जाणकारांनो: एक, घराला खरा भुर्दंड किती? दोन, घरपट्टी सोडून सेल्स टॅक्सच का? आणि बॅलटवर खाटा किती ते लिहिलेलंच नाही, मग मी नक्की कशाला हो म्हणतेय?

डोंबिवली_फास्ट_लोकल: भुर्दंडाचं सोपं आहे. वर्षाला 20,000 डॉलरची करपात्र खरेदी असेल तर 40 डॉलर. वॉशिंग्टनमध्ये किराण्यावर सेल्स टॅक्स नाही, त्यामुळे तूरडाळ सुरक्षित. पण तुमच्या राज्यात पगारावर इन्कम टॅक्स नाही, सगळी भिस्त अशा करांवर, आणि ज्याची कमाई सगळी खर्चात जाते त्याला ते जास्त बोचतात. जेलमध्ये जाणारा बहुधा त्याच घरचा. दुसरं असं की घरपट्टीतून फेडायचे बाँड काढायचे तर वॉशिंग्टनमध्ये 60 टक्के मतं लागतात. या सेल्स टॅक्सला निम्म्याहून एक मत जास्त मिळालं की झालं. आता कळलं ना, हाच का?

खारीबिस्कीट: शिवाय बेलिंगहॅमच्या कॉस्टको दुकानाबाहेर बघाल तेव्हा ब्रिटिश कोलंबियाच्या नंबरप्लेटी! अर्धा टॅक्स कॅनडावालेच भरतील. :)

डोंबिवली_फास्ट_लोकल: ते दूध आणि पेट्रोल न्यायला येतात हो. दोन्हीवर सेल्स टॅक्स नाही. :)

वास्तुपुरुष: सरकारी इमारतींच्या कामात आहे म्हणून लिहितो. खाटांचा आकडा महत्त्वाचा आहेच, पण त्याआधी माणसांचा विचारा. चोवीस तास, आठवडाभर पहाऱ्याची एक खुर्ची भरलेली ठेवायची तर आठवड्याचे 168 तास होतात. एक माणूस 40 तास करतो. रजा, आजारपण, प्रशिक्षण धरलं की एका खुर्चीमागे पाच माणसं. जुनी बहुमजली जेलं इथेच मार खातात: अरुंद बोळ, कोपरे, लिफ्ट, एका नजरेत काही दिसत नाही, म्हणून खुर्च्या जास्त. नवी बैठी इमारत खुर्च्या कमी करू शकते. बांधकाम एकदाच, पगार कायमचा. काउंटीला विचारा: नवीन आराखड्यात खुर्च्या किती, आणि माणसं मिळत नाहीत म्हणून आज किती रिकाम्या? माणसं नसतील तर नव्या खाटाही कुलूपबंद राहतील.

जुनं दुरुस्त का करत नाहीत, हा प्रश्नही येईलच. पाइप आणि कुलपांच्या तारा काँक्रीटच्या भिंतीत असतात. फोडायचं तर आतली माणसं ठेवणार कुठे?

तारीख_पे_तारीख: पुण्यात वकिली करते. तुम्ही वर्णन केलेत ते आमचे कच्चे कैदी. भारतात दर चार कैद्यांत साधारण तीन कच्चे, तुमच्याकडे जेलमध्ये दहात सातेक. मुंबईच्या आर्थर रोड जेलमध्ये माणसं क्षमतेच्या कितीतरी पट. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढला तर सोडा, असं आमचा कायदा सांगतो, तरी जामीनदार नाही म्हणून लोक खितपत पडतात. तुमची लेक निम्मी बरोबर आहे. खाटांनी काही सुटत नाही, तारखा लवकर पडल्या तर सुटतं. पण क्षमतेच्या कितीतरी पट माणसं कोंबलेल्या बराकीत अशिलाला भेटायला गेल्यावर "नवी बांधू नका" म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

खारीबिस्कीट: एक व्यवहाराचं. तो प्रश्न कोरा सोडलात तरी बाकीची मतं धरली जातात. पाकिटावर सही मात्र विसरू नका, आणि रेकॉर्डवर आहे तशीच करा. तिकीट लावायची गरज नाही.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. वास्तुपुरुष, खुर्च्यांचा प्रश्न काउंटीच्या बैठकीत विचारून आले. उत्तर गोलगोल मिळालं, पण रिकाम्या जागा भरपूर आहेत हे कबूल केलं. योजनेत लिहिलंय की सुरुवातीची काही वर्षं बराचसा पैसा इमारतीला, नंतर निदान निम्मा उपचार आणि इतर सेवांना. "नंतर" या शब्दाशी मी अजून भांडतेय.

परत येताना सिटी हॉलपाशी ती ग्रॅनाइटची स्मारक-कमान दिसली. 1907 मध्ये इथल्या जमावाने लाकूड गिरण्यांत राबणाऱ्या भारतीयांना, बहुतेक पंजाबी शीख, घरांतून ओढून काढलं, आणि पोलिसांनी "संरक्षण" म्हणून त्यांना सिटी हॉलच्या तळघरात डांबलं. काही दिवसांत सगळे गाव सोडून गेले. या गावात आपल्या लोकांना सरकारी छप्पर मिळालं ते असं. लेकीला दाखवलं. ती म्हणाली, "मग तू हो म्हणणार?"

हो केलंय. सही करायची बाकी आहे. "नंतर" म्हणजे नक्की कोणत्या वर्षापासून, ते कुणाला योजनेत सापडलं तर पान नंबर सांगा.