मदत हवी आहे : पुण्यातून आइरे (परदेशात राहणाऱ्या इटालियन नागरिकांची नोंदवही) नोंदणी, लाइट बिल सासूबाईंच्या नावावर

मंडळी, इथे इटालियन पासपोर्टवाले कोणी आहेत का? माझे मिस्टर बरीच वर्षं इटलीत ब्रेशाला होते, तिथलंच नागरिकत्व घेतलंय, आणि आता ओसीआयवर (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड) आम्ही कायमचे पुण्यात आलोय. १२ महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहायचं असेल तर ९० दिवसांत आइरेमध्ये नाव घालावं लागतं, नोंदणी फुकट आहे, पण २०२४ पासून न करणाऱ्याला वर्षाला २०० ते १००० युरो दंड आहे त्यामुळे टेन्शन आलंय.

फास्ट इट पोर्टलवर (इटालियन कॉन्सुलेटची ऑनलाइन सेवा) अकाउंट उघडलं, पासपोर्ट स्कॅन केला, गाडी अडलीये ती पत्त्याच्या पुराव्यावर. फ्लॅट आणि लाइट बिल दोन्ही सासूबाईंच्या नावावर, ह्यांच्या नावाचं फक्त बँक स्टेटमेंट आहे, त्यावर हाच पत्ता आहे. मुंबई कॉन्सुलेटला ते चालतं का, की सासूबाईंचं संमतीपत्र आणि आधार जोडायचं?

दुसरं म्हणजे आमचं लग्न पुण्यात झालंय, तिकडच्या कोमूनेत (नगरपालिकेत) अजून नोंदवलेलं नाही. सर्टिफिकेटला अपोस्टील (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का) आणि इटालियन भाषांतर लागणार हे माहितीये, पण ते आधी करू की आइरेसोबतच पाठवू? खरंच अर्जंट आहे, अलीकडेच कोणी केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.