शहराच्या सांडपाण्याचा गाळ शेतात घ्यावा का? ग्रामसभेत काय विचारू?

पूर्व शिवार:
नमस्कार. आमचं गाव नागपूरच्या पूर्वेला, भांडेवाडीच्या कचरा डेपोच्या पलीकडं. कापूस, तूर अन् घरापुरता भाजीपाला. शुद्धीकरण केंद्रातला वाळलेला गाळ शेतात फुकट टाकून देतो, म्हणून एक ठेकेदार गावात येऊन राहिला. आता ग्रामसभेत विषय आहे. सासरे म्हणतात, पूर्वी सोनखत (माणसाच्या मैल्याचं खत) टाकतच होतो, त्यात नवं काय? गटातल्या बाया म्हणतात, शहराची घाण दर वेळी आमच्याच वाट्याला काहून? कचऱ्याच्या डोंगराचा वास अन् धूर त्यांनी वर्षानुवर्षं सोसला आहे, त्यांचा राग मला पटते. पण शेणखत मिळत नाही अन् जमीन कडक होत चालली, हेही डोळ्यांनी दिसते. ठेकेदाराला नेमकं काय विचारायचं?

माती तपासनीस (निवृत्त):
ताई, सोनखत घरातलं होतं. शहराच्या गटारात वर्कशॉप, प्लेटिंगचे (धातूवर मुलामा चढवणारे) कारखाने, दवाखाने, सगळ्यांचं पाणी येतं. म्हणून दोन प्रश्न वेगळे ठेवा: रोगजंतू आणि जड धातू. ठेकेदार पहिल्याचं उत्तर देऊन दुसरा टाळू शकतो.

जंतू आणि जंतांची अंडी उष्णतेने किंवा चुन्याने मारता येतात. अहमदाबादला 2019 मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्रावर प्रकल्प उभा राहिला. दिवसाला 100 टन कोरडा गाळ कोबाल्ट-60 च्या गॅमा किरणांनी निर्जंतुक करण्याची त्याची क्षमता आहे. पण कॅडमियम हे जड धातूंपैकी एक; किरणांनी ते जात नाही. ते मातीत साठतच राहतं.

खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी मर्यादा आहेत: किलोमागे कॅडमियम 5 मिलिग्रॅम, शिसं 100, क्रोमियम 50, निकेल 50. तेच माप लावा. "तपासलेलं आहे" एवढ्यावर सोडू नका. कोणत्या ढिगाचा अहवाल, कोणत्या तारखेचा? नमुना गावकऱ्यांसमोर काढा, अर्धा सीलबंद करून पंचायतीत ठेवा. गाळ पडायच्या आधी स्वतःच्या मातीचीही तपासणी करून घ्या, नाहीतर पुढं काहीच सिद्ध करता येणार नाही.

कळमेश्वरचा संत्रावाला:
भाजीपाल्यावर अजिबात नको, ताई. अमेरिकेच्या 1993 च्या नियमात अर्धवट प्रक्रियेचा गाळ टाकला तर मातीला टेकणाऱ्या पिकासाठी 14 महिने थांबावं लागते, जमिनीखालच्या पिकाला त्याहून जास्त. आपल्याकडं मेथी-कोथिंबीर महिन्याभरात बाजारात जाते!

अन् ठराव गावभराचा करू नका. ज्याला घ्यायचा त्यानं कापसाच्या एका तुकड्यात घ्यावा, एक हंगाम पाहावा. गावानं थांबवा म्हटलं की गाड्या थांबल्या पाहिजे, हे लिहून घ्या. लोकांना नाही म्हणता येते हे दिसलं तरच ते ऐकून घेतात. आधी गाड्या उतरवल्या अन् मग समजवायला आले, तर खरा अहवालही कोणी वाचत नाही.

पूर्व शिवार:
दोघांचेही आभार. ग्रामसभेच्या आधी महिला सभा होते, तिथंच हे प्रश्न मांडते. मोठ्या सभेत बाया मागं बसतात, बोलत नाहीत, अन् खत हातानं पसरवतात त्याच. त्यांना हातमोजे अन् बूट कोण देणार, हा प्रश्न मी पहिला लिहिला आहे. दुसरा, पावसाळ्यात ढीग कुठं ठेवणार? आमच्या शिवारातला नाला नाग नदीला मिळते अन् विहिरी नाल्याच्या काठावरच आहेत. किती अंतर मागावं, कोणी सांगेल का?