मेलबर्नच्या मराठी वर्गात उन्हाबद्दल काय सांगावे?

प्रश्न
नमस्कार. मेलबर्नमध्ये आम्ही काही पालक दर रविवारी मुलांसाठी मराठीचा वर्ग चालवतो. त्वचेच्या कर्करोगाविषयी पालकांसाठी तासभराचे सत्र घ्यायचे ठरले, तेव्हा पहिला आक्षेप घरातूनच आला. भारतातून आलेल्या माझ्या सासूबाई म्हणाल्या, "आमचा जन्म शेतात गेला, कुणाला काही झाले नाही, हे गोऱ्यांचे दुखणे आहे." शाळेत मात्र टोपी नसेल तर मैदानात खेळू देत नाहीत. मुलांनी कोणाचे ऐकावे?

उत्तर १
सासूबाई बऱ्याच अंशी बरोबर आहेत, आणि सत्राची सुरुवात ते मान्य करूनच करावी. सावळ्या त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य उन्हातील अतिनील (अल्ट्राव्हायोलेट, यूव्ही) किरणांपासून काही प्रमाणात संरक्षण देते. ऑस्ट्रेलियात सत्तरीपर्यंत दर तिघांपैकी सुमारे दोघांना त्वचेचा कोणता ना कोणता कर्करोग होतो, आणि त्यांत गोऱ्या त्वचेच्या लोकांचा भरणा मोठा आहे. म्हणूनच १९८१ साली सिड नावाच्या सीगल पक्ष्याला पुढे करून 'स्लिप, स्लॉप, स्लॅप' ही मोहीम निघाली: अंगभर सदरा घाला, सनस्क्रीन लावा, टोपी चढवा. सावली आणि गॉगल यांची भर २००७ मध्ये पडली. मात्र धोका कमी असणे म्हणजे धोका नसणे नव्हे.

उत्तर २
माझ्या मते खरी अडचण आपल्या भाषेत आहे. 'ऊन' या एकाच शब्दात आपण प्रकाश आणि उष्णता दोन्ही धरतो, आणि ऊन मोजतो ते चटक्याने. त्वचेला इजा करणारे अतिनील किरण तर जाणवतही नाहीत. जानेवारीत, म्हणजे इथल्या उन्हाळ्यात, समुद्रावरून गार वारा येत असतो, पारा जेमतेम २२ अंशांवर असतो, आणि तरीही दुपारचा यूव्ही निर्देशांक (अतिनील किरणांची तीव्रता सांगणारा आकडा) १० च्या पुढे गेलेला असू शकतो. त्यामुळे पालकांना तापमानाऐवजी हा आकडा पाहायला शिकवा. तो ३ किंवा अधिक असेल तर काळजी घ्यायची. मेलबर्नमध्ये मे ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत तो बहुधा त्याखाली असतो, तेव्हा खुशाल कोवळे ऊन खावे. टोपीही रुंद काठाची हवी, कारण क्रिकेटच्या टोपीने कान आणि मान उघडीच राहतात. (सनस्क्रीन म्हणजे गोरे होण्याचे क्रीम नव्हे, हेही एकदा स्पष्ट सांगून टाका, आपल्याकडे ते 'काळे पडू नये' म्हणूनच विकत घेतले जाते.)

उत्तर ३
तळपाय आणि नखे विसरू नका. सावळ्या लोकांना मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोग क्वचित होतो, परंतु झाला तर तो बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली असतो. त्या जातीच्या मेलॅनोमाचे मूळ उन्हात नसते, म्हणून टोपी आणि क्रीम तिथे उपयोगी पडत नाहीत. उपयोगी पडते ते वेळीच लक्ष जाणे. जमैकाचा गायक बॉब मार्ले १९८१ मध्ये वयाच्या ३६ व्या वर्षी गेला, त्याचा आजार पायाच्या बोटाच्या नखाखाली सुरू झाला होता. नखात नवी काळी रेघ उमटून रुंदावू लागली किंवा तळपायावरचा डाग आकार बदलू लागला, तर 'काहीतरी लागले असेल' म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवावे. आजी-आजोबांना गॉगलचे महत्त्व लवकर पटेल, कारण अतिनील किरणांनी मोतीबिंदूचा धोका वाढतो आणि मोतीबिंदू त्यांच्या ओळखीचा आहे. उलट, अंग सतत झाकून घरातच राहणाऱ्या सावळ्या माणसांत ड जीवनसत्त्व कमी पडते, हीही बाजू सांगा.

प्रश्नकर्ती
सर्वांचे आभार. सुरुवात 'ऊन' या शब्दापासूनच करते. तळपायांचा भाग सासूबाईंना वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी चष्मा मागितला आणि स्वतःची नखे पाहायला बसल्या.