त्सुन : पोत, सुरकुत्या की उलणं?

रेघोटी : चिनी डोंगरचित्रांवरच्या लेखाचा अनुवाद करतेय. कड्याच्या अंगावर कुंचल्याने मारलेल्या रेघांना चिनीत ‘त्सुन’ म्हणतात. मी ‘पोत’ लिहिलं, संपादकांनी खोडून ‘सुरकुत्या’ केलं. बरोबर काय?

कोरडी_दौत : दोन्ही नाही. त्सुनच्या अक्षरात उजवीकडे कातडीचं चिन्ह आहे. अर्थ थंडीवाऱ्याने फुटलेली त्वचा. सुरकुती म्हणजे घडी, ही तर फट. आपल्याकडे ओठ उलतात, टाचा उलतात, जमीनही उलते. ‘उलरेघ’ म्हणा.

गाळीव : ‘उलरेघ’ कोण बोलतं? बनवलेला शब्द रुळत नाही. ‘पोत’ सगळ्यांना कळतो.

कोरडी_दौत : कळतो, पण चुकीचा कळतो. पोत हा हाताला लागणारा गुण. त्सुनच्या रेघा खडकाचे पैलू, उतार, सावली सगळंच उभं करतात. क्रम असा : आधी बाह्यरेघ, मग त्सुन, मग जवळपास कोरड्या कुंचल्याने घासणं, मग पातळ शाईचा हात, शेवटी शेवाळ-झुडपांचे ठिपके. कच्च्या, शाई शोषणाऱ्या कागदावर कुंचल्यात पाणी जास्त राहिलं की रेघ फुटते आणि खडकाचा चिखल होतो. घासणं आधी उरकलं तर वरच्या त्सुनला धार राहत नाही. आता या क्रमात ‘पोत’ नेमका कुठल्या पायरीला म्हणणार?

कातळप्रेमी : शिवाय त्सुन एक नाही. ली थांग या चिनी चित्रकाराच्या 1124 च्या चित्रात कुऱ्हाडीच्या घावासारखे तुकडे आहेत : कुंचला आडवा धरायचा, टेकवायचा, झटक्यात ओढायचा. टणक, कोनेदार खडकाला हे शोभतं. तुंग य्वान या चित्रकाराच्या नावावरच्या चित्रांत दक्षिणेकडच्या मातकट टेकड्यांना लांब, किंचित नागमोडी रेघा, त्यात कुंचल्याचं टोक रेघेच्या मधोमध ठेवायचं. त्यांचं नाव ‘पसरलेले तागाचे धागे’.

पर्णिका : ताग नव्हे! मूळ शब्द ‘मा’, म्हणजे भांगेच्या झाडाचा वाख. ताग वेगळा, अंबाडी वेगळी.

गाळीव : मग काय ‘भांगरेघा’ लिहू? वाचक चित्रकाराबद्दल भलताच समज करून घेतील.

पर्णिका : ‘वाखाच्या रेघा’ लिहा. वाख कशाचाही असतो आणि शब्द जुना आहे.

कातळप्रेमी : हे पटलं. आता माझी तक्रार. फान ख्वान या चित्रकाराच्या प्रसिद्ध चित्रातल्या (साधारण इ.स. 1000, तैपेईच्या राजवाडा संग्रहालयात, उंची 206 सेंमी) डोंगराला मराठीत सर्रास ‘सुळका’ लिहितात. सुळका सुटा आणि निमुळता असतो. हा तर चित्राची दोन तृतीयांश उंची अडवणारा धिप्पाड कडा. अंगभर पावसाच्या थेंबांसारखे बारीक ठोके, उजवीकडे धबधब्याची पांढरी रेघ, पायथ्याशी धुकं म्हणून कोरं सोडलेलं रेशीम. खाली खेचरांचा तांडा मुंगीएवढा.

पर्णिका : सुळका ‘सूळ’वरूनच आला, म्हणजे टोकदार. चीनमधल्या ह्वांगशान डोंगराला बसतो.

कातळप्रेमी : व्युत्पत्ती राहू द्या, ह्वांगशान मान्य. तिथला ग्रॅनाइट उभ्या सांध्यांनी चिरला गेलाय, म्हणून सुळके. सर्वात उंच कमलशिखर 1864 मीटर. सह्याद्रीत लाव्ह्याचे आडवे थर, म्हणून पायऱ्यापायऱ्यांचे कडे. आपला ‘कडा’ त्या थरांसकट डोळ्यांपुढे येतो, तोच अनुवादातला घोळ.

कोरडी_दौत : म्हणजे ‘कडा’ही नको? मग लिहायचं तरी काय, ‘डोंगराचं तोंड’?

गाळीव : ‘शिखर’. संस्कृत आहे, कुणाचं बिनसत नाही.

कातळप्रेमी : शिखर म्हणजे वरचं टोक. इथे प्रश्न अख्ख्या अंगाचा आहे.

रेघोटी : सुळका-कडा नंतर बघू. उद्या मजकूर द्यायचाय. तूर्त ‘त्सुन’ तसाच ठेवून पहिल्या वापराला ‘उललेल्या कातडीसारख्या रेघा’ असं लिहिते.

गाळीव : ‘उललेल्या’ पुण्याच्या वाचकाला कळेल?

पर्णिका : टाचा पुण्यातही उलतात.